वही, अर्ज, पोच: नागपुरात वस्तीच्या हक्कांचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

मी लिहिलेलं पहिलं निवेदन अजून माझ्याकडे आहे. एका पानात सात मागण्या: रेशन, नळ, गटार, पट्टे (म्हणजे घराखालच्या जमिनीचे हक्काचे कागद), अंगणवाडी, खांबावरचा दिवा आणि वस्तीच्या तोंडाशी उघडलेलं दारूचं दुकान. खाली १४० सह्या आणि अंगठे. साहेबांना देताना फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि आता काम सुरू झालं असं समजून तीन महिने घरी बसलो. मग विचारायला गेलो. बाबूंनी फाइल काढली, कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "भाऊ, याच्यातला आमचा विषय कोणता?" सातपैकी एकच त्यांचा होता. तोही अर्धा.

त्या माणसावर मी तेव्हा चिडलो होतो. आज वाटतं, त्यानं फुकटात शिकवणी दिली. पुढचं सगळं त्या प्रश्नापासून सुरू होतं.

हक्क की योजना, आधी हे ठरवा

अन्न, काम आणि त्याची मजुरी, डोक्यावर छप्पर, पाणी, दवाखाना, शाळा, म्हातारपणाचा आधार. यांना आर्थिक आणि सामाजिक हक्क म्हणतात. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली यांचा वेगळा करार केला, भारत त्यात १९७९ साली सामील झाला. आपल्या घटनेत यातलं बरंचसं मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि अनुच्छेद ३७ म्हणतो की ही तत्त्वं कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात पदपथ मोकळे करायलाही कोर्टाने मुभा दिली होती. भाषणांमध्ये हा दुसरा भाग सहसा गाळला जातो.

वस्तीत गेल्यावर यातलं काहीही बोलू नका. तिथे एवढंच करा: प्रत्येक तक्रारीबद्दल स्वतःला विचारा की याच्यामागे कायदा आहे, जीआर म्हणजे शासन निर्णय आहे, की दोन्ही नाही. रेशनच्या मागे कायदा आहे, २०१३ चा. पहिली ते आठवीच्या शाळेमागे २००९ चा आहे, फेरीवाल्यांमागे २०१४ चा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या पेन्शनच्या योजना शासन निर्णयावर चालतात, म्हणजे निकषात बसलं तर मिळतं आणि निकष सरकार बदलू शकतं. वस्तीत समाजमंदिर हवं असेल तर त्याच्यामागे ना कायदा ना जीआर. तो बजेटचा प्रश्न, तिथे नगरसेवक आणि आमदार गाठायचे. (नगरसेवकांचं एक सांगून ठेवतो. एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार असतात, आणि चौघंही उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतात. अर्ज चौघांनाही द्या, एकाच दिवशी.)

वही

दोनशे पानी एक वही घ्या. मोबाइलमध्ये फॉर्म भरून घ्यायचा मोह होईल, पण वही सगळ्यांना दिसते. कोण काय लिहितंय ते बायका वाकून बघतात आणि चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करतात. मोबाइलकडे कोणी वाकून बघत नाही.

पहिल्या पानावर वस्तीचं वेळापत्रक लिहा. नळ कधी येतो, बायका कामावर कधी जातात, कधी परततात. माझ्या पहिल्या दोन बैठका फसल्या, कारण मी त्या सकाळी साडेसातला ठेवल्या होत्या आणि त्या वस्तीत नळ सात ते साडेआठ. बादली सोडून तुमचं ऐकायला कोण येणार? मेमध्ये दुपारी बैठक ठेवू नका हे नागपूरकराला सांगावं लागू नये, पण बाहेरून आलेले विद्यार्थी ठेवतात.

मग घरोघरी जा. प्रत्येक घराला अर्धं पान. माणसं किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, त्यावर नावं किती, त्यातल्या किती नावांवर धान्य येतं, शेवटचं धान्य कधी आणि किती मिळालं. आधार नंबर वहीत लिहू नका, गरज नाही. पाचसहा घरं झाली की वही स्वतःच बोलायला लागते.

पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत मी पाण्याचा प्रश्न घेऊन गेलो होतो. वहीत निघालं रेशन. एका मावशीच्या दारात बसलो होतो. वय साठीच्या पुढं, चार घरची धुणीभांडी. कंट्रोलमध्ये मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून दोन महिने परत पाठवलं होतं. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले आणि म्हणाल्या, "लोकायचे भांडे घासू घासू रेघोट्याच गेल्या बोटायच्या. आता नवे हात कुठून आणू?" मी बघितलं. बोटांची टोकं खरंच गुळगुळीत झाली होती, पानाला चुना लावल्यासारखी पांढरट. दुकानदार आधी अंगठा, मग तर्जनी, मग डाव्या हाताची बोटं लावून बघायचा, ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा लावायचा. तो वाईट माणूस नव्हता. मशीन हो म्हणेपर्यंत त्याच्याही हातात काही नव्हतं.

आता यात हक्काचा भाग कोणता? केंद्राच्या अन्न विभागाने २०१७ सालीच राज्यांना लेखी कळवलं आहे की आधार नाही किंवा बोटाचा ठसा जुळत नाही, एवढ्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये. म्हणजे मावशींच्या अर्जाचा विषय "मशीन दुरुस्त करा" हा नाही. विषय आहे "ठसा जुळत नसल्याच्या कारणावरून धान्य नाकारल्याबाबत". पहिला अर्ज तंत्रज्ञाकडे जातो. दुसऱ्याचं उत्तर अधिकाऱ्याला द्यावं लागतं.

एकच प्रश्न घ्या, आणि सुटेल असा

वही भरली की दहा प्रश्न समोर येतात आणि सगळे जीवघेणे वाटतात. एक घ्या. पहिल्या वेळी असा घ्या ज्याच्यामागे कायदा आहे, जो किमान पंधरावीस घरांचा आहे आणि जो पाचसहा महिन्यांत हलू शकतो. पट्ट्यांपासून सुरुवात करू नका. पट्टे हा नागपुरातल्या वस्त्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे हे खरं, पण नवख्या गटाला तो खाऊन टाकतो.

रेशन पहिल्या प्रश्नासाठी चांगलं, कारण त्याचा हिशेब किलोत मांडता येतो. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे महिना ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. वर सांगितलेल्या वस्तीत २३ घरांच्या कार्डांवर नावं होती पण ऑनलाइन नोंदीतून गळालेली, अशी ४१ माणसं निघाली. महिना २०५ किलो. पन्नास किलोची चार पोती आणि वर पाच किलो, दर महिन्याला, एका गल्लीतून गायब. "आमच्यावर अन्याय होतोय" हे वाक्य मी शंभर वेळा म्हटलं असेन, पण हा आकडा सांगितल्यावर कार्यालयातल्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

तुम्हाला एक शब्द हमखास ऐकू येईल: इष्टांक. "तुमचं सगळं बरोबर आहे हो, पण इष्टांक संपला." इष्टांक म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं त्याची ठरलेली संख्या. महाराष्ट्रात ती शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के आणि ग्रामीणच्या ७६.३२ टक्के, आणि लोकसंख्या धरलेली २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जन्मलेली, शहरात आलेली, लग्न होऊन वेगळी झालेली माणसं त्याच डब्यात बसवायची. त्यामुळे इष्टांकाचं कारण नेहमीच खोटं नसतं. तरी ते तोंडी मान्य करू नका. लेखी मागा. लेखी मागितलं की कधी कधी दोन दिवसांत जागा निघते, कारण मेलेल्या आणि गाव सोडून गेलेल्या माणसांची नावं कमी करायचं काम कोणीतरी ठेवून दिलेलं असतं. शहरात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. अर्ज देण्याआधी प्रत्येक घराचं उत्पन्न खरं विचारून घ्या. एका घरानं खोटं सांगितलं आणि ते पकडलं गेलं, तर बाकीची बावीस घरं संशयात येतात.

टेबल शोधा

नागपुरात बहुतेक कार्यालयं सिव्हिल लाइन्समध्ये जवळजवळ आहेत. हे सोयीचं आहे आणि फसवंही, कारण माणूस एका इमारतीतून दुसरीत दिवसभर हिंडतो आणि काम केल्याचं समाधान घेऊन घरी येतो.

शहरातल्या रेशनचं काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे असतं, त्यांची परिमंडळ कार्यालयं असतात. हिंगणा, कामठी अशा ग्रामीण भागात ते तहसीलच्या पुरवठा शाखेकडे आणि वर जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे. निराधार आणि श्रावणबाळचं काम तहसीलदाराकडे. यात दिव्यांग सोडून बाकीच्यांना महिना १,५०० रुपये मिळतात आणि त्यांच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. आता पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे थांबलेल्या पेन्शनमध्ये आधी बँकेत जाऊन खात्याला आधार जोडलेलं आहे का आणि हयातीचा दाखला दिलाय का, हे बघा. निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात आणि त्यासाठी मोर्चा लागत नाही.

गटार, कचरा, नळ, खांबावरचा दिवा यासाठी महानगरपालिकेचं झोन कार्यालय. झोन दहा आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर, मंगळवारी. आपली वस्ती कोणत्या झोनमध्ये आहे हे वस्तीतल्या दहा माणसांना विचारा, तीन उत्तरं मिळतील. घरटॅक्सच्या पावतीवर बघा.

दवाखान्याचं थोडं वेगळं. मेडिकल, मेयो आणि डागा ही सरकारी रुग्णालयं सगळ्यांना माहीत असतात. माहीत नसतं ते हे, की धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. तिथे समाजसेवकाचं टेबल शोधायचं. नाही म्हटलं तर लेखी मागायचं आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे जायचं. रुग्ण आत असतानाच जा. बिल भरून झाल्यावर गेलात तर नुसती सहानुभूती मिळते.

जमिनीचा प्रश्न आला तर

येणारच आहे. पहिल्या प्रश्नासाठी तो घेऊ नका म्हटलं, तरी दुसऱ्या बैठकीत कोणीतरी म्हातारबाबा उठून विचारतातच, "पट्ट्याचं काय झालं?"

इथे सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधायची: जमीन कोणाची. नागपुरात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मालक असतात. मनपाची, नासुप्रची म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासची, नझूलची म्हणजे सरकारची, रेल्वेची, खासगी, आणि पूर्व विदर्भाची खास भानगड म्हणजे झुडपी जंगल. मोकळं माळरान, चार झुडपं, पण जुन्या महसुली नोंदीत 'झुडपी जंगल' असा शेरा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अशा जमिनी वनच ठरवल्या आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. म्हणजे तुमच्या वस्तीखाली असा शेरा निघाला तर महापौरांच्या हातात फारसं काही नाही, फाइल वन खात्यातून दिल्लीकडे जाते. हे न तपासता "सहा महिन्यांत पट्टे मिळवून देतो" असं सांगत फिरणारे खूप आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची आखीव पत्रिका, म्हणजे मालकीचा उतारा, काढा. लेआउट असेल तर नकाशा. वस्ती घोषित झोपडपट्टी आहे का, तेही विचारा. आणि प्रत्येक घरातले जुने कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा: लाइट बिल, टॅक्स पावती, जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, पोराच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता. कोण कधीपासून राहतं ते याच कागदांवर ठरतं. पावसाळ्यात नाग नदीचं, पिवळ्या नदीचं पाणी घरात शिरलं की हे कागद पहिले जातात, म्हणून पिशवी वर, पत्र्याच्या आडव्याला टांगलेली असावी. झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या घरी.

घर पाडायची नोटीस आली तर वकिलाकडे जाईपर्यंत एवढं करा: नोटिशीवरची तारीख आणि ती प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख, दोन्ही वहीत लिहा. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी सक्तीची केली. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय यांवरची बांधकामं त्यातून वगळली आहेत. नागपुरातल्या कितीतरी वस्त्या नाल्याकाठी आणि रुळांकडेला आहेत. तेव्हा तो निकाल हातात घेऊन निर्धास्त राहू नका.

अर्ज असा लिहा

एका अर्जात एकच विषय, एकच अधिकारी. "सविनय जय भीम" लिहा, "जय हिंद" लिहा, काही हरकत नाही, पण विषयाची ओळ नेमकी हवी. आम्ही दुसऱ्या खेपेला लिहिलेला अर्ज साधारण असा होता:

"विषय: शिधापत्रिकेवरील ४१ व्यक्तींची ऑनलाइन नोंदीतून वगळलेली नावे पुन्हा समाविष्ट करणेबाबत.

महोदय, सोबतच्या यादीतील २३ कुटुंबांच्या शिधापत्रिकांवर या ४१ व्यक्तींची नावे आहेत. ती ऑनलाइन नोंदीत नसल्याने त्यांना प्रतिमाणशी ५ किलो धान्य मिळत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ३ नुसार पात्र व्यक्तींना हे धान्य मिळण्याचा हक्क आहे. तरी नावे वगळण्याचे कारण प्रत्येक कुटुंबाला लेखी कळवावे व पात्र व्यक्तींची नावे पुन्हा समाविष्ट करावीत."

संपलं. "गोरगरीब जनतेची थट्टा" वगैरे काही नाही. ते भाषणासाठी ठेवा. सोबत यादी, कार्डांच्या झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहिलेलं: "फक्त शिधापत्रिका दुरुस्तीसाठी". मूळ कागद कोणाचेही स्वतःजवळ ठेवू नका, एक रात्रसुद्धा नाही.

मग पोच. अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका, आवक शाखेत द्या. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक. शिक्का आहे पण आवक क्रमांक नाही अशी पोच अर्धीच, पुढच्या खेपेला कागद सापडत नाही. "साहेब जेवायला गेले, ठेवून जा" म्हटलं तर बाहेर टपरीवर तर्री-पोहे खा आणि परत या. घ्यायलाच नकार दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा, त्याची पावती हीच पोच. परतल्यावर आवक क्रमांक वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि तीस दिवसांनंतरची तारीख समोर टाका.

कार्यालयात एकटे जाऊ नका आणि चाळीस जणही नेऊ नका. तिघं जा, त्यातल्या दोन वस्तीतल्या बायका. बोलायचं त्यांनी. तुम्ही कागद धरायचे. पहिल्यांदा त्या अडखळतील आणि मध्ये बोलायची तुम्हाला हुक्की येईल. जीभ दाताखाली धरा. तिसऱ्या खेपेला त्या बाबूंचं नाव, त्यांच्या जेवणाची वेळ आणि कोणती फाइल कोणत्या कपाटात आहे, हे सगळं तुमच्यापेक्षा जास्त जाणतात.

उत्तर आलं नाही तर

तीस दिवस झाले की माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. 'का' असा प्रश्न विचारू नका. "नावं का कापली?" याला "माहिती अधिकारात कारण देता येत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा: "आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिप्पणी आणि पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात." या एका वाक्यानं माझी जितकी कामं झाली तितकी कोणत्याही घोषणेनं झाली नाहीत. उत्तरासाठी तीस दिवस. नाही आलं, की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. तिथे रांग मोठी असते. बहुतेक कामं पहिल्या अपिलाच्या सुनावणीपर्यंत हलतात. दुसऱ्यांच्या कार्डांचे तपशील मात्र मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, आणि मागणाऱ्याचा हेतूही संशयास्पद दिसतो. रेशन दुकानाच्या नोंदी तपासायला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ नुसार खुल्या असायला हव्यात, त्या बघायला मागा.

दाखले, रेशनकार्डात नाव वाढवणं अशा कामांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू होतो. सेवेला किती दिवस, ते कार्यालयात फलकावर लावलेलं असलं पाहिजे. ते दिवस उलटले की अपील, आणि दोन अपिलांनंतर आयोग. दिरंगाई करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण ती पगारातून जाते आणि कोणालाच आवडत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी गेलं तर परत पाठवतात. रेशनसाठी १९६७ हा फोन नंबर आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यांच्यावर राज्य अन्न आयोग. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे, घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची.

वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयात. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. उच्च न्यायालयाचं खंडपीठ गावातच असल्यामुळे नागपुरात प्रत्येकाला जनहित याचिका टाकायची घाई असते. आधीचे सगळे कागद, पोच आणि स्मरणपत्रं नसतील तर कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारतं की खालच्या अधिकाऱ्याकडे गेला होता का.

मोर्चा

मी मोर्चाच्या विरोधात नाही. घरकाम करणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळाली ती डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्यासारख्यांनी इथल्या मोलकरणींना वर्षानुवर्षं संघटित करून रस्त्यावर आणलं म्हणूनही. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो नुसत्या अर्जांनी झाला नसता.

पण मोर्चाची जबाबदारी काय असते, ते सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून जाताना आठवावं. त्याला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. तेव्हा मोर्चा काढायचा तर पोलीस परवानगी, मार्ग, थांबायची जागा, पाणी, लहान मुलांना शक्यतो घरी ठेवणं, गर्दीच्या दोन्ही टोकांना आपली माणसं, हे सगळं आधी कागदावर. परत जायच्या ट्रकचा नंबरसुद्धा.

१९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळ आपल्या दारात येतं. यशवंत स्टेडियमजवळ उपोषणाचे मंडप लागतात, मोर्चे ठरल्या पॉइंटवर अडवले जातात आणि पाचसात जणांचं शिष्टमंडळ आत जातं. आत मंत्र्याची मिळतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत हार घालायचा की आवक क्रमांकांची यादी द्यायची, ते तुम्ही ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे अधिवेशनाच्या कितीतरी आधी, माहिती अधिकारात मिळालेले कागद घेऊन आमदारांकडे जाणं. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) लागला की तेच खालचं कार्यालय, ज्यानं सहा महिने उत्तर दिलं नव्हतं, रात्री दहाला तुम्हाला फोन करून माहिती विचारतं. माझ्या बाबतीत झालंय.

पैसा आणि नाव

कोणाच्याही कामाचे पैसे घेऊ नका. रिक्षाचं भाडंही नाही. वस्त्यांमध्ये 'कार्ड काढून देतो' म्हणून पाचशे घेणारे एजंट असतात, आणि तुमच्याबद्दल पहिला समज तोच असतो. झेरॉक्स, स्टॅम्पचा खर्च घरामागे वाटून घ्या, हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्यांना दिसेल असा. दुकानदाराविरुद्ध तक्रार केली असेल तर त्याच्याकडचा चहासुद्धा पिऊ नका. माहिती अधिकार वापरणाऱ्यांवर खंडणीचे आरोप करणं सोपं असतं. ते खोटे असले तरी निस्तरायला वर्षं जातात.

आमच्या त्या ४१ नावांपैकी २९ साडेपाच महिन्यांत परत आली. सात जण निकषात बसत नव्हते, हे आम्हालाही मान्य करावं लागलं. पाच अजून लटकलेली आहेत, कारण कुठे आधारवरच्या नावात आणि कार्डावरच्या नावात एका काना-मात्रेचा फरक आहे, तर कुठे जन्मतारखेचा. मावशींचं धान्य आता डोळ्यांच्या मशीनवर निघतं. पहिल्या दिवशी त्या चष्मा काढायला विसरल्या, तेव्हा दुकानात सगळे हसले.

वही आता माझ्याकडे नाही. दहावीतल्या एका पोरीकडे आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. परवा तिनं नवीन वही सुरू केली, पाण्यासाठी. पहिल्या पानावरचं वेळापत्रक तिनं खोडून पुन्हा लिहिलंय, कारण नळ आता पावणेसहाला येतो.